खाकरायचा रिवाज

१

दाजीबानपेठेत आमच्या घरामागे परसात तीन संडास होते आणि ते वापरणारी घरं पाच. दारांना कड्या नव्हत्या. पूर्वी होत्या म्हणे. पण कुणाची तरी सून सासूवर रुसून आतून कडी घालून बसली, अर्धी पेठ दुपारपर्यंत पोट धरून उभी राहिली, तेव्हा पंचांनी कड्या उपटून काढल्या. असं सांगतात. सांगतात म्हणजे मीच सांगतो.

मग आत कोणी आहे की नाही हे कळायचं कसं? तर खाकरायचं. तांब्या घेऊन दारापासून जरा लांब उभं राहायचं आणि घसा साफ करायचा. आत कोणी असला तर तो आतून खाकरणार. आला नाही आवाज, तर खुशाल आत जावं. बोलायचं नाही. आमच्यात जानवं उजव्या कानाला गुंडाळलं की तोंड बंद, ते हातपाय धुऊन जानवं खाली येईपर्यंत. खाकरणं मात्र बोलण्यात धरत नाहीत. शास्त्रात हे कुठल्या पानावर आहे ते भटजींना विचारा. मी मराठी चौथी पास, तोही मास्तरांनी कंटाळून केलेला.

तर पेठेत माणूस तोंडावरून कमी आणि खाकरण्यावरून जास्त ओळखला जायचा. जयतीर्थाचार्य खाकरले की बैलगाडी चढावर लागल्यासारखं वाटे. इरप्पा तेल्याचं खाकरणं एवढं प्रेमळ की आत जाऊन बसावं. आणि आमचे दाजी, तपकिरीचे भक्त. दोन बारीक, एक लांब आणि त्या लांबाच्या शेपटीला एक ‘अं?’, जणू आपण खाकरलो हे आपलं आपल्यालाच पटलेलं नाही.

मला सगळ्यांचं खाकरणं येत होतं. थंडीच्या दिवसांत मी पहाटे जाऊन मधल्या संडासात बसायचो. बाहेर दाजी खाकरले की मी डावीकडे तोंड करून आचार्य खाकरायचो, उजवीकडे तोंड करून इरप्पा, आणि मधून मी स्वतः. दाजी तांब्या घेऊन कुडकुडत उभे. पोरंबाळं खिडकीतून फिदीफिदी हसायची. देवानं मला दुसरी कुठली कला दिली नाही, पण ही अशी दिली की विचारू नका.

२

दाजी म्हणजे माझ्या मालती अक्काचे यजमान, वादिराज. कापडाचं दुकान बघायला घरात शहाणा माणूस हवा, असं आमच्या अप्पांना वाटलं. घरात मी होतो. म्हणून त्यांनी जावई घरात आणला.

माणूस सोन्यासारखा, पण पोट काचेचं. घरचं दार, घरचा तांब्या, घरची वेळ. यातलं एक चुकलं की दाजींचं सगळं बंद. असा माणूस परगावी नेऊ नये आणि आम्ही तर त्यांना परमुलखात नेलं. मडगावला चुलतभावाचं लग्न निघालं. गोवा तेव्हा फिरंग्यांचा. पस्तीस-छत्तीस सालची गोष्ट. अक्काला सातवा महिना, लग्नानंतर किती वर्षांनी लागलेला. ती येणार नव्हती. निघताना तिने मला जिन्याखाली गाठलं.

“गुंडू, त्यांना नेतोयस तसेच्या तसे परत आण. थट्टा कमी कर.”

“अक्का, तुझा नवरा काय चिनी मातीचा आहे?”

“माझा आहे,” ती म्हणाली. “तेवढं लक्षात ठेव.”

मडगावात लग्न झोकात झालं. दाजींचे मात्र हाल कुत्रा खाईना. तिकडे संडासाच्या खाली डुकरं असतात. दाजी पहिल्या दिवशी आत गेले, बसले, त्यांनी खाली पाहिलं आणि खालच्याने वर पाहिलं. दाजी तसेच उठून बाहेर आले. नंतर मला म्हणाले, “गुंडोपंत, ते माझ्याकडे वाट पाहिल्यासारखं बघत होतं.” मी इतका हसलो की नवरीमुलीने मांडवातून वळून पाहिलं. त्यानंतर दाजींनी लग्नात पुरणपोळ्या खाल्ल्या, मणगणं खाल्लं आणि परसाकडे जायचं नाव काढलं नाही.

३

परतीच्या गाडीत हद्दीवरच्या स्टेशनात सगळ्यांना सामानासकट उतरवतात. एकीकडे फिरंग्यांचे जकातवाले, पुढे गेल्यावर इंग्रजांचे. सकाळ होती, पण सकाळ कुठे दिसत नव्हती. घाटाच्या पायथ्याला असं धुकं पडलं होतं की इंजिन नुसतं आवाजावरून उभं होतं. माणसं ट्रंका उघडून बसली होती आणि धुकं त्यांच्या लुगड्या-धोतरांत शिरत होतं. सगळे हळू बोलत होते. का कोण जाणे, मीही.

दाजींनी माझा दंड धरला. चेहरा पांढराफटक.

“गुंडू. आता नाही राहवत.”

डब्यातल्या संडासात कुणीतरी नारळाची पोती रचली होती आणि पोत्यांवर एक बाई लेकरू घेऊन झोपली होती. मी खाकी डगलेवाल्या एका शिपायाला हाताने खूण करून विचारलं. खूण कशी केली ते लिहीत नाही. तो हसला नाही. “फाटल्यान,” म्हणाला आणि जकातीच्या कोठाराच्या मागे बोट दाखवलं. मग दाजींकडे बघून त्याने छातीवर क्रूस केला. मला वाटलं, दाजींची दशा बघून केला असेल.

मागे पत्र्याच्या छपराखाली दारांची रांग होती. हिरवा रंग, पोपडे सुटलेले, दारांवर फिरंगी अक्षरं. आम्हाला ती वाचता येत नव्हती. कड्या नव्हत्या. दारं किती ते सांगता येत नाही, रांगेचा पलीकडचा शेवट धुक्यात गेलेला.

दाजींना एकदम बरं वाटलं. “बघ,” म्हणाले, “आपल्यासारखंच आहे.” त्यांनी जानवं उजव्या कानाला गुंडाळलं, तांब्या सावरला आणि पहिल्या दारापुढे उभं राहून खाकरले. दोन बारीक, एक लांब, अं?

आतून उत्तर आलं. दोन बारीक, एक लांब. अं?

४

दाजींनी वळून माझ्याकडे असं पाहिलं की मला सवयीने लाजच वाटली.

“आईशप्पथ दाजी, मी नव्हे,” मी म्हटलं. “माझं तोंड बघा की, बंद आहे.”

ते दुसऱ्या दारापुढे गेले. खाकरले. आतून तेच. तिसऱ्या दारातून तेच. जरा वैतागलेलं, जसे दाजी स्वतः आत असताना कुणी दोनदा खाकरलं की वैतागतात.

मी मनाशी म्हटलं, पत्र्याचं छप्पर आहे, आवाज फिरतो. विहिरीत नाही का फिरत? मग म्हटलं, कोणीतरी वस्ताद आत बसला आहे, माझ्याहून चढ. परमुलखात आपला जातभाई भेटला म्हणून मला जरा आनंदच झाला. त्याचं दर्शन घ्यावं म्हणून मी पहिलं दार ढकललं.

आत कोणी नव्हतं. भोकावर कोळ्याचं जाळं होतं आणि जाळ्यावर धुक्याचे थेंब. कित्येक महिन्यांत तिथे कोणी बसलं नसावं. मी दार ओढून घेतलं. माझी पाठ वळली आणि आतून कोणीतरी खाकरलं. तक्रार केल्यासारखं. भरलेल्या संडासाचं दार उघडलं तर करतात तसं.

दाजींनी हे पाहिलं नाही. ते रांगेने पुढे पुढे चालले होते, एकेका दाराशी खाकरत. प्रत्येक दारातून त्यांना त्यांचंच उत्तर मिळत होतं. अर्धवट झोपेत आपण जिना चढतो आणि पायऱ्या संपतच नाहीत, तसं काहीसं. धुक्यात मला त्यांचं धोतर तेवढं दिसत होतं. मग एका दाराशी ते खाकरले आणि उत्तर आलं नाही. दार कुरकुरलं. दाजी आत गेले.

बरं वाटलं हो मला. माणूस मोकळा होणार म्हटल्यावर बरं नाही वाटणार?

५

गाडीने शिट्टी दिली. दाजी येईनात. दुसरी शिट्टी झाली, स्टेशनातली धावपळ ऐकू आली. मी रांगेपुढे उभा राहून खाकरलो. माझं स्वतःचं खाकरणं, उनाड आणि मोठं, पेठेत सगळ्यांना माहीत असलेलं.

आणि सगळी रांग एकामागून एक खाकरली. जवळच्या दारापासून लांबच्या दारापर्यंत, दोन बारीक, एक लांब, दोन बारीक, एक लांब, आवाज धुक्यात जात जात बारीक झाला. दाजी कुठल्या दारात गेले होते ते मला कळेना. मघाशी धुक्यात मी धोतर बघत होतो, दार नव्हतो बघत.

इथे मी ते केलं, जे आमच्या लोकांत कोणी करत नाही. जानवं कानावर असलेल्या माणसाला मी हाक मारली. गाडी सुटत होती, काय करणार!

“दाजी! अहो दाजी, चला, गाडी सुटली!”

“आलो,” म्हणून आवाज आला.

मधलंच एक दार उघडून दाजी बाहेर आले. हसत होते. जानवं अजून कानावर होतं आणि ते बोलले होते. आणि कान डावा होता. हे सगळं मी पाहिलं. पण पाहणं एक आणि समजणं एक. मी त्यांचा हात धरला आणि धावत सुटलो. हात कोरडा होता, गार होता. हातात तांब्या नव्हता.

डब्यात चढून मी दारातून मागे पाहिलं. धुकंच होतं सगळं. गाडीने वेग घेतला तरी मला ते ऐकू येत राहिलं. एकच खाकरणं आता, घाईचं, पुन्हा पुन्हा. आत माणूस आहे, थांबा, आत माणूस आहे.

शेजारी बसलेले दाजी म्हणाले, “काय गुंडू, एखादा विनोद सांग की.”

मी डुकराचा सांगितला. ते पोट धरून हसले. दहा वर्षांत दाजी माझ्या विनोदाला एकदाही हसले नव्हते. खरं तर तेव्हाच ओळखायला हवं होतं.

६

अक्काने दारात पहिलं विचारलं, “तांब्या कुठाय?”

“राहिला,” दाजी म्हणाले. “दुसरा घेऊ. तू बरी आहेस ना?”

अक्का जरा मागे सरकली. दाजी असं विचारत नसत.

पेठेला मात्र हे दाजी फार आवडले. गिऱ्हाइकाशी गोड बोलत, दुकानात बसून हसत. इरप्पा मला कानडीत म्हणाला, “वादिराजप्पा भाळ सुधारिस्यार नोड्री!” खूपच सुधारले म्हणे. मी म्हटलं, “हौद्री, गोव्याचं पाणी लागलं.” मीही मनाला तेच सांगत होतो. माणूस जरा हसायला लागला तर त्यात भ्यायचं काय?

एका दुपारी अक्काने मला स्वयंपाकघरात बोलावलं. चुलीपुढे बसली होती, पण चूल विझलेली.

“गुंडू, येऊन आठवडा होऊन गेला. हे परसाकडे एकदाही गेलेले नाहीत.”

मी हसणार होतो. ते पोटातच राहिलं.

“जेवतात,” ती म्हणाली. “भरपूर जेवतात. कुठे जातं ते सगळं? रात्री कुशीवर वळले की आत काही हलत नाही, रिकाम्या पिंपासारखं. आणि…” तिने पोटावर हात ठेवला. “हे जवळ येऊन बसले की हा आतला हलायचा थांबतो. दम धरून बसतो, कुणापासून लपल्यासारखा.”

“अक्का, गरोदरपणात असलं मनात…”

“मला शिकवू नकोस. कुठे सोडून आलास त्यांना?”

मी सांगितलं. धुकं, दारं, हाक, सगळं. ती ऐकत होती आणि बाहेर दुकानात ते कुणाशी तरी बोलत हसत होते.

“उद्याच्या गाडीने जातो,” मी म्हटलं.

“नको. तू पुन्हा कुठल्या दारातून काय उचलून आणशील.” मग चुलीतली राख सारत ती म्हणाली, “तुझं खाकरणं त्यांना ओळखू येतं ना? इतकी वर्षं थंडीत उभं केलंस त्यांना. आता तू उभा राहा. बाहेरून कोणी खाकरलं तर आतला उत्तर देतो. ते रिवाज मोडणार नाहीत. मरतील पण मोडणार नाहीत.”

७

मग रोज सकाळी, उजाडलं की, मी परसात जाऊन उभा राहायचो आणि खाकरायचो. आचार्य आतून बैलगाडी चालवत, इरप्पा प्रेमाने उत्तर देई. मी म्हणायचो, तुम्ही नव्हे. लोकांना वाटलं, गुंडूची नवी थट्टा. आचार्य बाहेर येऊन, हातपाय धुऊन, जानवं खाली सोडून मगच मला शिव्या द्यायचे. शिस्तीचा माणूस.

सगळे आटोपून गेले, तिन्ही संडास रिकामे झाले, की मी पुन्हा खाकरायचो. पहिले काही दिवस चिंचेवरचे कावळे तेवढे ओरडले. मग एका सकाळी मधल्या दारामागून काहीतरी आलं. इतकं बारीक की घाटापलीकडून यावं. दोन आणि एक. मी दार उघडलं. आत कोणी नव्हतं. जमीन ओली होती.

मी दार लावून घेतलं. पुन्हा उघडायचं नाही, असं अक्काने बजावलं. “उघडून बघणारा तूच होतास ना तिकडे?”

रोज ते थोडं थोडं जवळ येत गेलं. एखाद्या दिवशी यायचं नाही. त्या दिवशी अक्का जेवायची नाही. अलीकडे दुकानातले ते मात्र कमी हसू लागले होते. बोलता बोलता थांबून परसाकडे कान द्यायचे. एकदा मला म्हणाले, “गुंडू, सकाळी कोणाला बोलावतोस?” मी म्हटलं, “कफ झालाय, दाजी.” त्यांनी माझ्याकडे खूप वेळ पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

आणि मग ती सकाळ आली. मी खाकरलो आणि मधल्या दारामागून, हाताच्या अंतरावरून, दाजी खाकरले. दोन बारीक, एक लांब, अं? थकलेले, घसा सोललेला, पण तेच. दाराच्या खालच्या फटीतून धुकं बाहेर येत होतं. आमच्याकडे परसात लख्ख ऊन होतं.

अक्का मागे उभीच होती, हातात ऊन पाण्याची बादली, खांद्यावर धुतलेलं धोतर. तिने दाराकडे पाठ केली, जमिनीवर बादली ठेवली.

“या,” ती दाराला म्हणाली. “मी बघत नाही. कोणी बघत नाही.” आणि मला म्हणाली, “तू दुकानात जा. त्यांना बोलण्यात गुंतव. मागे वळलास तर याद राख.”

मी वळलो नाही. पण बोळात शिरताना भिंतीवर ऊन होतं, त्या उन्हात दार उघडल्याची सावली पडली. सावलीतल्या दारातून एक हात आला आणि त्याने बादलीचा काठ धरला. नुसता हात, फार लांब चालून आलेला हात, असं वाटलं. हात कसा चालेल, मला विचारू नका.

८

दुकानात ते गादीवर बसले होते. मी बोलत सुटलो. इरप्पाच्या म्हशीची गोष्ट, आचार्यांच्या कवळीची गोष्ट, जन्मभराचा माल एका दमात ओतला. ते ऐकत नव्हते. मागून पाण्याचा आवाज येत होता. मग ओली पावलं. मग पाट मांडल्याचा आवाज, अक्काचं हळू काहीतरी बोलणं आणि मधेच तिचा एक हुंदका की हसू.

त्यांनी मला विचारलं, “आत कोणी आहे का?”

मी समोरचा तागा उलगडायला घेतला. अक्काच आतून म्हणाली, मोठ्याने, सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं.

“आहेत. माझं माणूस आहे आत.”

ते उठले. भांडले नाहीत. दुकानाच्या पायऱ्या उतरून शेजारच्या दाराशी गेले आणि खाकरले. घरात आचार्य होते, ते आतून खाकरले. पुढच्या दारी गेले. तिथेही कोणीतरी होतं. सकाळची वेळ, प्रत्येक घरात माणूस. उन्हात एकेक दार घेत ते पेठेच्या टोकापर्यंत गेले, तिथून परत आले आणि आमच्या पायरीखाली उभे राहून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. परमुलखात पोट धरून उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा होता तो. मी आयुष्यात कुणाची थट्टा सोडली नाही, पण त्या चेहऱ्याची मला आजवर करता आलेली नाही.

मी दुकानाच्या फळ्या लावल्या, आतून आडणा घातला.

फळीबाहेर ते खाकरले. आणि मग गप्प राहिले, रिवाजाप्रमाणे. उत्तर आलं नाही तर आत कोणी नाही, खुशाल यावं.

मी आतून खाकरलो.

अजून खाकरतो, रोज सकाळी. दाजी म्हातारे होऊन, भांडून-तंडून, माझ्या एकाही विनोदाला न हसता गेले, अक्का गेली, तिचा कृष्णा आता दुकान बघतो आणि मला म्हणतो, “मामा, वैद्याला दाखवा की, किती खाकरता!” फळीबाहेरचा माणूस रोज येतोच असं नाही. पण कुठल्या दिवशी येईल सांगता येत नाही, म्हणून एकही सकाळ सोडता येत नाही. गेल्या महिन्यापासून माझा घसा बसलाय. काल तर नुसती हवा निघाली.

बाहेर बराच वेळ शांत होतं. मग आडणा जरासा हलला.